बुटांचं भांडण लंडनपासूनचं

प्रश्न : सर, गणपतीत आमच्या मंडळाने रस्सीखेच ठेवली होती. समोरची पोरं फुटबॉलचे खिळेवाले बूट घालून आली अन् आम्हाला फरफटत नेलं. पंच म्हणाले, बुटांचा काही नियम नसतो. असं असतं का? आणि हा खेळ ऑलिम्पिकमध्ये होता, हे खरं का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : होता, आणि तोही ॲथलेटिक्सचा भाग म्हणून. १९०० ते १९२० या काळात पाच ऑलिम्पिकमध्ये रस्सीखेच झाली.

तुमची तक्रारही तेवढीच जुनी आहे. १९०८ साली लंडनला लिव्हरपूल पोलिसांनी अमेरिकेच्या संघाला बघता बघता ओढून नेलं. पोलिसांच्या पायांत ड्युटीवरचे जडशीळ बूट होते. अमेरिकनांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली, तसे ते स्पर्धाच सोडून निघून गेले. त्या वर्षी तिन्ही पदकं ब्रिटनच्या पोलीस संघांनाच मिळाली. सुवर्ण सिटी ऑफ लंडन पोलिसांना.

आज मात्र नियम स्पष्ट आहे : तळव्याला खिळे नकोत, टाचेखाली काही पुढे आलेलं नको. तुमच्या पंचांचं चुकलंच.

तरी एक सांगतो. मी पीटी शिकवण्यात हयात घालवली, आणि दंडांच्या भरवशावर ओढणारा संघ हरतानाच जास्त पाहिला. हाताने दोर फक्त धरायचा, ओढायचं पायांनी. अंग मागे झोकून टाच मातीत रुतवायची अन् आठही जणांनी एकाच हाकेवर रेटायचं. सामना संपल्यावर मैदान बघा. आपल्या काळ्या मातीत पावसानंतर टाचांचे खोलगट खड्डे दिसतात. जिंकलेल्यांचे एका रांगेत असतात. हरलेल्यांच्या बाजूला नुसत्या घसरल्याच्या लांब रेघा.

आणि कृपा करून पोरांना दोर मनगटाला गुंडाळू देऊ नका. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाच्या पंजाची कातडी सोलून निघाली होती. दोराला गाठ मारायची नाही, हाताला वेढा द्यायचा नाही. शेवटच्या गड्याने तेवढा दोर काखेखालून घेऊन पाठीवरून खांद्यावर आणायचा.

पुढच्या गणपतीत दोर उचलण्याआधी पंचांना दोन्ही संघांचे बूट उलटे करून बघायला सांगा.