सुट्टीत नातेवाइकांचं घर आणि सहा मुलं एकत्र: कुठे लक्ष ठेवायचं, आणि काय झालं की दवाखाना गाठायचा?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत आठवडाभर सगळी भावंडं एका घरी जमणार, तुमची दोन (एक २ वर्षांचं, एक ५ वर्षांचं) आणि बाकीची चार. दिवसभर "नको, नको" करत मुलांमागे फिरायचं नाहीये, पण पडझड झाली तर घरी काय करायचं आणि कधी धावायचं, हे माहीत हवंय.

घर माणसांनी भरलेलं असलं की मुलांवर जास्त डोळे असतील असं वाटतं. होतं उलटं. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. म्हणून सरळ पाळ्या लावा. अर्धा तास, एकच माणूस, नाव घेऊन. पाळी संपली की "आता तू बघ" असं तोंडाने म्हणायचं आणि समोरून "हो" आल्याशिवाय जागचं उठायचं नाही. त्या अर्ध्या तासात हातात फोन नाही. ऐकायला कवायत वाटते खरी, पण बाकीच्यांना निवांत गप्पा मारता येतात त्या याच्याच जोरावर.

पाण्याजवळ असाल तर पाळी १५ मिनिटांची करा, आणि बघणाऱ्याने २ वर्षांच्या मुलापासून हात पोचेल इतक्याच अंतरावर राहायचं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो. ५ सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे टब आणि बादल्या वापरून झाल्या की लगेच उपड्या करायच्या. दंडाला बांधायचे हवेचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर नजर हटवू नका.

पोचल्यावर सामान उघडण्याआधी घरातून एक फेरी मारा, शक्यतो गुडघ्यांवर बसून, म्हणजे मुलाच्या उंचीवरून काय दिसतं ते कळतं. सगळ्यात आधी औषधं. ज्येष्ठांच्या गोळ्या उशाशी, पर्समध्ये, सात खणांच्या डबीत असतात आणि ती डबी मूल सहज उघडतं. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एकाच गोळीने लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तीही काही तासांनी, म्हणजे मूल तोवर ठणठणीत दिसतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांची एकच गोळीही अशीच धोक्याची असते, आणि लोहाच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाला विषारी ठरू शकतात. "एकच खाल्ली असेल, बघू" असं इथे चालत नाही. पाकीट घेऊन थेट दवाखाना, आणि घरी उलटी काढायची नाही. पाहुण्यांच्या पर्सा आणि बॅगा पहिल्या दिवसापासून खुंटीवर किंवा कपाटावर, हा नियम सगळ्यांना सांगून टाका.

दाराच्या वरच्या कडेवर एक टॉवेल टाकून ठेवा. दार पूर्ण लागत नाही, त्यामुळे बोटं चेंगरत नाहीत आणि आतून कडी लावून कुणी अडकतही नाही. बोटं जास्त वाईट चिरडतात ती बिजागरीच्या बाजूला, कारण तिथे दाबाचा जोर जास्त असतो. त्या बाजूला टॉवेलच्या भरवशावर राहू नका.

आता बटण सेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा गोल सेल. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरातल्या इतक्या साध्या वस्तूंपैकी इतकं वेगाने नुकसान करणारी दुसरी मला माहीत नाही. रिमोट, गाडीची चावी, वजनकाटा, लुकलुकणारी खेळणी, गाणारी शुभेच्छापत्रं, मेणबत्तीसारखे दिवे, सगळ्यांत तो असतो. २० मिलिमीटर व्यासाचा लिथियमचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी मापाचा. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली (जाळणारा क्षार) तयार होते आणि ऊतक, म्हणजे आतलं मांस, जळायला लागतं. २ तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल फुटावा-गळावाच लागतो असं नाही, आणि रिमोट चालवू न शकणारा "संपलेला" सेलही पुरेसा ताकदवान असतो. मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, थोडं खोकतं. घरातल्या वस्तूचं झाकण उघडं आणि सेल गायब असेल तर लक्षणांची वाट बघू नका. एक्स-रे होतो अशा मोठ्या रुग्णालयात लगेच न्या. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी कडं दिसतं, नाण्याला दिसत नाही. मूल १ वर्षाहून मोठं असेल, सेल गिळून १२ तास उलटले नसतील, मूल नीट गिळत असेल आणि मध हाताशी असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे (१० मिलिलिटर) मध द्यावा, जास्तीत जास्त ६ वेळा. त्याने सेलवर आणि ऊतकावर थर बसून नुकसान थोडं मंदावतं. पण मध शोधण्यासाठी थांबायचं नाही. मधाशिवाय दुसरं काहीही खायला-प्यायला देऊ नका, आणि उलटी काढू नका. सेल नाकात किंवा कानात असला तरी घाई तितकीच. याच रांगेत छोटे ताकदवान लोहचुंबक बसतात. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं.

घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीवर थापा नको, पाणी नको, घशात बोट तर मुळीच नको, कारण न बघता बोट घातलं की वस्तू आणखी खाली सरकते. खोकल्याचा आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, की मग हालचाल करा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तातडीच्या मदतीला फोन करायला सांगा. २ वर्षांच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने (मनगटाजवळच्या भागाने) ५ जोरकस दणके. प्रत्येक दणक्यानंतर वस्तू बाहेर आली का बघायचं. नाही आली तर मागून मिठी मारून मूठ बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये ठेवायची आणि आत-वर असे ५ झटके. हे आळीपाळीने. जमलेल्यांत कुणाचं १ वर्षाखालचं बाळ असेल तर पोटावर झटके नाहीत. त्याला मांडीवर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर ५ दणके, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब. बेशुद्ध झालं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. पोटावर झटके दिले असतील तर मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं, आत इजा झालेली असू शकते. हे टाळण्यासारखं मात्र खूप आहे. द्राक्षं आडवी न कापता उभी चिरून चार भाग करा, अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा लहानांना देऊ नका, पळताना तोंडात काही नको. आणि फुगे. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर पडद्यासारखा बसतो आणि दणक्यांनी सहज निघत नाही. फुगा फुटला की तुकडे मोठ्यांनी उचलायचे, मुलांवर सोडायचं नाही.

भाजलं तर नळाखाली वाहतं गार पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. लोक दोन-तीन मिनिटांत थांबतात, आणि तिथेच चुकतं: वरची कातडी गार लागली तरी खालच्या थरात उष्णता राहिलेली असते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल नको. कपडे आणि कडी-अंगठ्या लगेच काढा, कातडीला चिकटलेलं कापड सोडून. लहान मूल पटकन गारठतं, म्हणून भाजलेला भाग पाण्याखाली आणि बाकीचं अंग कोरड्या टॉवेलात. नंतर क्लिंग फिल्मचा (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा) तुकडा वरून नुसता ठेवा, गुंडाळू नका. चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग यांपैकी काही भाजलं असेल, किंवा मुलाच्या तळहाताहून मोठा भाग असेल, किंवा फोड आले असतील तर दाखवायलाच हवं. आणि एक, गरम कप हातात असताना मांडीवर मूल नको. ओतून १५ मिनिटं झालेलं गरम पेयही लहान मुलाला भाजू शकतं.

सुट्टीत हमखास होणारी एक गोष्ट म्हणजे कोपर निसटणं. दोन मोठी माणसं मधल्या मुलाचे हात धरून "एक, दोन, तीन" करत त्याला झोके देतात, किंवा रस्त्यात बसकण मारलेल्या मुलाला मनगटाला धरून उचलतात. १ ते ४ वर्षांत कोपराजवळच्या हाडाचं डोकं धरून ठेवणारा बंध सैल असतो, त्यातून ते किंचित सरकतं. मूल क्षणभर रडतं, मग गप्प होतं, पण तो हात वापरत नाही. जरासा वाकवून, तळवा आत वळवून अंगाशी लटकता ठेवतं, दुसऱ्याच हाताने खेळणं उचलतं. सूज नसते, आणि पालकांना वाटतं मनगट किंवा खांदा दुखतोय. डॉक्टर एका हालचालीत बसवतात, आणि बहुतेक मुलं १० ते १५ मिनिटांत हात वर करायला लागतात. स्वतः बसवायला जाऊ नका. ओढल्यामुळे नाही तर पडल्यामुळे दुखत असेल, किंवा सूज असेल, तर मोडलेलं असू शकतं आणि तेव्हा हात पिळणं म्हणजे नुकसान. मुलाला उचलायचं ते दोन्ही काखांत हात घालून.

घसरगुंडीचंही तसंच काहीसं. लहानग्याला मांडीवर घेऊन खाली येणं सुरक्षित वाटतं, पण मुलाच्या बुटाचा तळवा कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो, वरून मोठ्या माणसाचं वजन खाली येत असतं आणि नडगी पिळून मोडते. एकट्याने घसरणारं मूल पाय अडकला की थांबतं. त्याला एकट्याने येऊ द्या, तुम्ही बाजूला उभे राहा. नाहीतर लहान घसरगुंडी शोधा.

डोकं आपटलं, लगेच रडलं, १० मिनिटांत पुन्हा खेळायला लागलं, एखादं टेंगूळ आलं, तर ओलं गार फडकं लावा आणि २४ तास लक्ष ठेवा. झोपायची वेळ झाली असेल तर झोपू द्या. "झोपू देऊ नका" हा सल्ला अजून फिरतो, त्यात अर्थ नाही. अधूनमधून उठवून ओळखतं का, नेहमीसारखं कुरकुरतं का, एवढं बघा. बेशुद्धी, अगदी काही सेकंदांची सुद्धा, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके (फिट) येणं, जागं करूनही गुंगी, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, चालताना झोक जाणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघा. २ वर्षांखालचं मूल साधारण ३ फुटांवरून आणि त्याहून मोठं ५ फुटांवरून पडलं असेल, तर लक्षणं नसली तरी दाखवा. लहानग्याच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ, लिबलिबीत सूज असेल तर कपाळावरच्या टणक टेंगळापेक्षा ती जास्त गंभीर समजा.

नाकात मणी, बी किंवा शेंगदाणा घातला असेल तर चिमटा हातात घेऊ नका, वस्तू मागे ढकलली जाते. मुलाला मांडीवर बसवून "पापा घेते हं" म्हणा, त्याच्या उघड्या तोंडावर तुमचं तोंड घट्ट बसवा, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करा आणि एक छोटी, जोरदार फुंकर मारा. हवा मागून नाकात येते आणि बऱ्याचदा मणी तुमच्या गालावर येऊन पडतो. दोनदा करून नाही आलं तर डॉक्टर. कुणी सांगितलं नसेल पण एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर तिथे काहीतरी आहे असं समजा.

नाकातून रक्त आलं तर डोकं पुढे, मागे नाही, आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं न सोडता दाबून. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. तुमच्या ५ वर्षांच्या मुलाचे दात बहुधा दुधाचेच असणार. जमलेल्यांत मोठी मुलं असतील आणि कायमचा दात निघाला, तर मूळ न धरता वरचा भाग धरून खाचेत बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे.

तापाच्या औषधात मोठी चूक होते ती दुसऱ्याच्या बाटलीमुळे. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान ४ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ७.५ मिलिलिटर होतात, आणि २५० असलेल्याचे ३.६. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. म्हणून आपली बाटली आणि आपली सिरिंज सोबत न्या, आणि कुणी, किती वाजता, किती दिलं हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. नाहीतर आई देते, तासाभराने मावशी पण देते.

बाहेर पडाल त्या दिवशी सकाळी निघतानाच प्रत्येक मुलाचा उभा फोटो काढा, म्हणजे हरवलं तर कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला पेनाने तुमचा फोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. ५ वर्षांच्या मुलाला एवढंच शिकवा: आम्ही दिसलो नाही तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही मागे येऊ, आणि मदत मागायची तर लहान मुलं सोबत असलेल्या बाईकडे किंवा काउंटरवरच्या माणसाकडे. घरी एकदा खेळ म्हणून करून घ्या, नुसतं सांगून गर्दीत आठवत नाही.