नाण्यावर बारीक फुगवटे आहेत आणि अक्षरंही दुहेरी दिसतात. ही टांकसाळीतली चूक समजायची का?

फुगवटे बहुधा मुलाम्यातला दोष आहेत. पातळ थराखाली हवा अडकली की असे फोड येतात. अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यावर ते सर्रास दिसतात, कारण १९८२ पासून त्यात जस्तावर तांब्याचा अगदी पातळ मुलामा असतो. अशा फोडांना जादा किंमत क्वचितच मिळते.

दुहेरी अक्षरं मात्र दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात नीट पाहा. मूळ ठशातच दुहेरीपणा असेल तर दोन्ही रेषा गोलसर, उठावदार असतात आणि अक्षराच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. तेच खरं मोलाचं. सपाट पायरीसारखी कड दिसली तर छापताना ठसा सैल होता, एवढंच.

आणि कृपया नाणं घासू नका!