१२ नंबरच्या आजींचं बीपी किती निघालं?

नमस्कार काकू,

मी २२ वर्षांची आहे, जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मग पाच महिने नोकरी शोधली. जाईन तिथं एकच प्रश्न, ‘एक्सपिरियन्स किती?’ शेवटी संभाजीनगरच्या एका ७० बेडच्या हॉस्पिटलात १२ हजारांवर लागले. त्याला आता तीन महिने झाले. आमच्या वॉर्डात २६ पेशंट आणि नाइटला आम्ही दोघीच. इन्चार्ज सिस्टर वरच्याच मजल्यावर राहतात, कधीही राऊंडला येतात आणि सगळ्यांसमोर ओरडतात. मागच्या आठवड्यात रात्री तीनला आल्या. १२ नंबरच्या आजींचं चारचं बीपी मी शीटवर आधीच लिहून ठेवलं होतं, एवढ्याशा कारणावरून त्यांनी नातेवाइकांसमोर माझा पाणउतारा केला. ‘तू नर्स व्हायच्या लायकीची नाहीस’ म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडले. माझ्या रूमवरची ताई फार चांगली आहे. तिनं चहा करून दिला, समजावलं, की पहाटेचे आकडे सगळ्याच असे भरतात, मनाला लावून घेऊ नको. पण आता ड्युटीला निघताना पोटात गोळा येतो. बाबा म्हणतात, घरी ये, सरकारी भरतीचा अभ्यास कर. नोकरी सोडू का?

– तुमची एक वाचक

बाळा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सिस्टर काय बोलल्या ते त्यात आहे, कुणासमोर बोलल्या ते आहे, तू कुठं जाऊन रडलीस तेही आहे. आजींचं बीपी किती होतं, ते मात्र कुठंच नाही.

सिस्टरनी ते त्या रात्री घेतलं असणार. कफ बांधला असेल, तुझ्या आकड्याशी ताडून पाहिलं असेल. तू तिथंच उभी होतीस. आठवडा झाला, आणि तुला आकडा माहीत नाही, किंवा माहीत असूनही तो मला सांगण्याजोगा वाटला नाही. मला तुझ्या पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

नातेवाइकांसमोर बोलायला नको होतं, हे खरं. त्यावर मी आणखी एक वाक्यही खर्च करणार नाही. कारण तू ज्याला ‘एवढंसं कारण’ म्हणतेस, त्यासाठी मीही ओरडले असते. रात्री तीनला जिना उतरून वॉर्डात येणारी इन्चार्ज मी फार कमी पाहिल्या आहेत. तिला त्याचे जादा पैसे मिळत नाहीत. ती झोप मोडून येते, कारण खाली २६ माणसं झोपलेली आहेत आणि शीटवर काय लिहिलंय त्यावर तिचा विश्वास नाही. दुर्दैवानं तिचं बरोबर निघालं.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तुझ्या वयाची होते तेव्हा एका सिव्हिलमध्ये फीमेल मेडिकल वॉर्डला नाइट करायचे. चाळीस बेड, पंचावन्न बायका, काही जमिनीवर. मलाही एका अशाच चांगल्या ताईनं शिकवलं होतं. आदल्या दोन नोंदी बघायच्या आणि मधला आकडा टाकायचा. पहिल्यांदा टाकला तेव्हा छातीत धडधडलं. सकाळी घाबरत घाबरत त्या बाईची नाडी मोजली, तर माझ्या आकड्याच्या आसपासच निघाली. तिथंच मी फसले. आकडा साफ चुकला असता तर त्याच दिवशी सुधारले असते. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणून मी पुढचे दीड महिने लिहीत राहिले.

मग एका सकाळी डॉक्टरांच्या राऊंडला एक म्हातारे आजोबा हात जोडून उभे राहिले. त्यांची बायको न्यूमोनियानं ॲडमिट होती. म्हणाले, ‘‘सायेब, रातच्याला हिला लई धाप लागली व्हती. कुनी बघाया आलं नाही.’’ डॉक्टरांनी शीट उलटली. ‘‘आजोबा, सिस्टरनी चारला बघितलंय. सगळं नॉर्मल लिहिलंय. तुमचा डोळा लागला असेल.’’ आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रात्रभर ते टक्क जागे होते, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. तेच खाली बघून म्हणाले, ‘‘आसंल, सायेब.’’

त्यांची बायको बरी झाली, आठव्या दिवशी घरी गेली. तुझी ताई म्हणेल, मग कुणाचं काय बिघडलं? पण माझ्या हातच्या एका आकड्यानं एक खरं बोलणारा माणूस चारचौघांत खोटा ठरला, आणि त्यानं ते मानूनही घेतलं. का, तर कागद आमचा आणि तो अडाणी. तुझ्या १२ नंबरच्या आजींच्या उशाशीही कुणीतरी जागं असेलच ना? सिस्टर तुला बोलल्या तेव्हा ऐकत होते म्हणून तुला ज्यांची लाज वाटली, तेच ते नातेवाईक. तू चारला येत नाहीस हे त्यांना सिस्टरच्या आधीपासून ठाऊक असतं. ते बोलत नाहीत, एवढंच.

आता त्या ताईबद्दल. ती चहा देते, जवळ बसते, तुझे डोळे पुसते. म्हणून ती चांगली आणि ओरडणारी वाईट, असा हिशोब तू मांडलास. मला तो उलटा दिसतो. तुझ्या या तीन महिन्यांत तुला भीती घालणारी बाई एकच आणि तुला बिघडवणारी बाई एकच, पण त्या दोघी वेगळ्या आहेत. ताईशी मैत्री ठेव, तिचा चहा पी, तिच्याकडून काम शिकू नकोस.

पैजेवर सांगते, तुझ्या शीटवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्यांना २० लिहिलेलं असेल. बीपी निदान मशीनवर दिसतं, श्वास मोजायला बसावं लागतं, म्हणून तो कुणीच मोजत नाही. आणि शरीर बिनसायला लागलं की लवकर बदलणाऱ्या खुणांमध्ये तोच पहिला. मनगट नाडीसाठी धरलेलं तसंच ठेवायचं, पेशंटला काही सांगायचं नाही, आणि छाती वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं आहे. परीक्षेत लिहिलंही असशील.

ऑपरेशन झालेली एखादी तरणी बाई घे, सिझरची म्हण. आत रक्तस्राव सुरू झाला तर बीपी लगेच पडत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं १५ टक्क्यांच्या वर गेलं की नाडी पळायला लागते, श्वास वाढतो, हातपाय गार पडू लागतात, लघवी कमी होते. बीपी मात्र बऱ्याचदा ३० टक्के, म्हणजे दीड लिटर जाईपर्यंत तग धरून राहतं. ते कोसळलं की सगळा वॉर्ड धावतो. त्याआधीचे दोन-तीन तास फक्त नर्सचे असतात, आणि तेव्हा बोलते ती फक्त नाडी. मध्यरात्री ८८, दोनला १०४, चारला १२६. हे तीन आकडे ओळीनं कुणी खरे लिहिले तर आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, उठवायला पेशंटचा चेहरा बघावा लागत नाही. चारच्या जागी तू दोनवरून अंदाजानं १०० लिहिलंस, तर आकड्यांचा तो चढता जिनाच तू मोडलास.

नर्सिंगच्या शपथविधीला, लॅम्प लायटिंगला, तुमच्या हातात पणती दिली असेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो. पण क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात माणसं कशानं मरतात, हे तिनं आकड्यांतून दाखवून दिलं होतं. जखमांपेक्षा रोगानं मेलेले कितीतरी जास्त होते. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं तिला सभासद करून घेतलं, आणि तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. तिचे आकडे अंदाजाचे असते तर तिच्या दिव्याचं कुणाला काय पडलं होतं?

तू म्हणशील, २६ पेशंट आणि आम्ही दोघी, कुठवर मोजणार? हा प्रश्न खरा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या वॉर्डातही पाच पेशंटमागे एक नर्स हवी. पगाराचंही तसंच. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं अगदी ५० बेडच्या आतल्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २० हजारांच्या खाली देऊ नये, असं सुचवलं. तुमच्यासारख्या ५० ते १०० बेडच्या हॉस्पिटलासाठी म्हटलं, की पगार सरकारी पगाराहून फार तर २५ टक्क्यांनी कमी असावा, त्याखाली नको. शिफारस राज्यांकडे गेली आणि तुला आज १२ हजार मिळतात. तुझ्यावर अन्याय होतोय, हे मी नाकारत नाही.

पण तो अन्याय झाकतंय कोण, ते बघ. सकाळी मालक डॉक्टर येतात, शीट चाळतात. २६ च्या २६ पेशंटचे बारा, दोन, चार, सहा, सगळे रकाने भरलेले. दोघींत भागतंय की! मग तिसरी नर्स कशाला ठेवतील? तिसऱ्या नर्सचा पगार तुम्ही दोघी रोज रात्री पेनानं वाचवून देता. आणि उद्या काही झालं, केस उभी राहिली, तर केसपेपर मागवला जाईल. त्यावर सही मालकाची नसेल. तुझी असेल, तुझ्या रजिस्ट्रेशनसकट.

म्हणून नोकरी सोडू का, याचं माझं उत्तर: आत्ता नाही. या सिस्टरच्या हाताखालून तर मुळीच जाऊ नकोस. पुढच्या नाइटला अर्धा तास आधी जा. ओव्हर, म्हणजे आधीच्या नर्सकडून वॉर्डाचा ताबा, घ्यायच्या आत त्यांना गाठ आणि सरळ सांग, ‘‘सिस्टर, त्या रात्री मी न मोजता लिहिलं होतं, आणि ती पहिली वेळ नव्हती. आठवडाभर चारचा राऊंड मला तुमच्यासोबत करायचाय.’’ ‘पहिली वेळ नव्हती’ हे शब्द गाळू नकोस. गाळलेस तर सगळं वाया. त्या पुन्हा ओरडतील कदाचित. ओरडू देत. बाथरूममध्ये जायचं नाही, तिथंच उभं राहायचं.

आणि त्या रात्रीपासून न मोजलेला एकही आकडा तुझ्या हातून उमटता कामा नये. आधी ऑपरेशनवाले, तापवाले, धाप लागलेले, रक्त चालू असलेले, बाळंतिणी. मग बाकीचे. उरले तर रकाना कोरा ठेव आणि नोट्समध्ये वेळ घालून लिही, की ३.४० ला नवीन ॲडमिशन, दोन नर्स, अमुक बेड पाहता आले नाहीत. सकाळी ओव्हर देताना तोंडानंही सांग. पहिल्या दिवशी त्या कोऱ्या रकान्यांवरून तुला बोलणी बसतील. ताईला तुझा राग येईल, कारण तुझ्या कोऱ्या रकान्यांमुळे तिचे भरलेले रकाने उठून दिसतील. महिनाभर हे चाललं, की सिस्टरच्या हातात मालकापुढे ठेवायला काहीतरी असेल. आज त्यांच्याकडे काहीच नाही, तुमच्या सगळ्या शीट त्यांच्या विरुद्ध साक्ष देतात.

बाबांना सांग, भरतीची जाहिरात निघाली की अर्ज जरूर भरेन, अभ्यास दिवसाच्या सुटीत करेन. घरी बसून करायची गरज नाही. सिव्हिलच्या वॉर्डात याहून जास्त बेड असतात आणि आत्ता लागलेली सवय तिथंही सोबत येते. मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलात जमा केली आहेस का, ते तू लिहिलं नाहीस. केली असशील तर लेखी अर्ज देऊन परत माग, कुणालाही झेरॉक्सच द्यायची. त्याबद्दल एवढंच.

सेकंदकाट्याचं घड्याळ नसेल तर या पगारातून घे. दोन-तीनशे रुपयांचं चालतं. मोबाइल नको, तो काढला की दहा मिनिटं जातात.

आणि सिस्टरना भेटशील तेव्हा आजींचं बीपी त्या रात्री किती निघालं, ते विचार. मला लिहून कळव. त्याखाली तू लिहिलेला आकडाही लिही.

– काकू