कंसालाही देव विसरता आला नाही

ताई, मी 64 वर्षांचा निवृत्त अधिकारी, सिंहगड रोडला राहतो. रोज पहाटे नामस्मरण करत पर्वती चढतो, संध्याकाळी दासबोध वाचतो. बोटात काउंटर असतो. आजवर 38 लाख जप झाला. तरी अखंड अनुसंधान साधत नाही, मन पळतं. मुख्य अडचण घरातल्या वातावरणाची. सौ.ना या मार्गात रस नाही. पोथीला बसत नाहीत, माळ धरत नाहीत. उलट स्वयंपाकघरात एकट्याच पुटपुटत विठोबाला बोल लावतात, "तुला काय, उभा राहा विटेवर. गुडघे माझे दुखतायत." अशा व्यक्तीच्या मनात ईश्वराची जाणीव कशी जागवावी? निवृत्तीनंतर घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.
– एक साधक

साधक महाशय,

पर्वती, पोथी, काउंटर, सगळ्याचा हिशेब तुम्ही चोख दिलात. बायकोचं बोलणं मात्र "उलट" म्हणून एका ओळीत उरकलंत. मी त्या ओळीपुढे गेलेच नाही. अहो, तुमच्या घरात देवाशी बोलणारं माणूस एकच आहे, आणि ते ओट्यापाशी उभं आहे.

डोळ्यांपुढे आणा जरा. कुकरची तिसरी शिट्टी होतेय, एका हातात झारा, गुडघ्यात कळ आली म्हणून दुसरा हात ओट्यावर टेकलेला. अशा वेळी कुणीही "आई गं" म्हणेल. या बाई विठोबाला झापतात! तो इथेच आहे, ऐकतोय आणि आपलं ऐकून घेणं त्याला भागच आहे, याची खात्री असल्याशिवाय असं बोलणं तोंडातून निघत नाही. ईश्वराची जाणीव म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

बोल लावणं तुम्हाला खटकलं. जनाबाईंनी काय केलं होतं? "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" अशी सुरुवात करून अंगणात उभं राहून शिव्या घातल्या, आणि तसं अभंगातच सांगून टाकलं. म्हणून वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीतून काढलं नाही. ज्येष्ठात तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, तेव्हा दर्शनाच्या रांगेत एकदा नुसता कान देऊन उभे राहा. पोरीचं लग्न, शेतातलं पाणी, सुनेचं बाळंतपण, सगळी गाऱ्हाणी चाललेली असतात, आणि सूर विनवणीचा कमी, जाब विचारण्याचा जास्त.

शास्त्राधार हवा असेल (तुम्हाला हवाच असणार), तर नारदभक्तिसूत्रांतलं 65वं सूत्र काढा. सगळे आचार देवाला वाहिल्यावरही काम, क्रोध, अभिमान असतील तर ते त्याच्यावरच करावेत, असं नारद सांगतात. राग गिळून शांत चेहऱ्यानं बसा, असं नाही सांगत.

आणि अखंड अनुसंधानाचं म्हणाल, तर ते कंसाला साधलं होतं. चेष्टा नाही करत. भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे: देवकीच्या पोटी कृष्ण आहे, आणि कंस बसता-उठता, जेवता-झोपता, हिंडता-फिरता त्याचंच चिंतन करतोय; इतकं की सगळं जग त्याला हृषीकेशानं भरलेलं दिसू लागलं. हातात माळ नव्हती, प्रेमाचा तर प्रश्नच नाही. जिवाची भीती होती, ती मात्र खरी होती. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माउलींनी गोपींच्या प्रेमाशेजारीच कंसाचं भय आणि शिशुपालाचं वैर मांडलंय, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी पोचवलंय. जीव जिथे अडकलाय ते त्याच्याकडे नेलं की झालं. तुमच्या बाई दुखरा गुडघा नेतात. तुम्ही आकडा नेता.

नामाला मी नावं ठेवत नाही. पण रिक्षात बसल्यापासून मीटरवरच डोळा ठेवला की स्वारगेट कधी मागे पडलं ते कळत नाही. दासबोध रोज वाचता ना? चौथ्या दशकात नऊ भक्ती आहेत. स्मरण तिसऱ्या समासात, सख्य आठव्यात. तुम्ही तिसऱ्यात मुक्काम ठोकलाय, ठोका खुशाल. पण आठव्यात जाऊन बसलेल्या बाईंना "अहो, इकडे या" म्हणून मागे बोलावताय, ते बंद करा.

गुडघ्याचं जाता जाता सांगते. तुमच्या पत्रात तो फक्त त्यांच्या तोंडून आलाय, तोही विठोबाला सांगितलेला. डॉक्टरकडे घेऊन जा. त्यासाठी मला पत्र लिहायला नको होतं.

त्यांना काही शिकवायचं नाही. करायचं आहे ते तुम्हाला. आज संध्याकाळी काउंटर बोटातून काढा, पोथी बासनातच राहू द्या, देवघरासमोर उभे राहा आणि देवाला एक तक्रार सांगा. स्वतःची, स्वतःच्या भाषेत. पत्राच्या शेवटी लिहिलीत तीच चालेल: निवृत्तीनंतर घरात माझं कोणी ऐकत नाही. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. आवाज स्वयंपाकघरात जाईल, जाऊ दे. बाई हसतील कदाचित. मध्येच एखादा शब्द सुचवायला लागल्या तर मुकाट्यानं घ्या. विठोबाशी कसं बोलायचं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग काय झालं ते कळवा. पत्रात आकडे नकोत.