कापडात माहिती विणू पाहणाऱ्या मुलीच्या आईस

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी इचलकरंजीत बारावी विज्ञान शाखेत शिकते, प्रोग्राम लिहिते, आणि विणकामातून माहिती साठवणारी वस्त्रकला हेच आपले क्षेत्र असल्याचे सांगते. यंत्रमागाच्या धंद्यातले चढउतार पाहिलेल्या तिच्या वडिलांना मात्र तिने संगणक अभियांत्रिकीच घ्यावी आणि विणकाम छंद म्हणून ठेवावे असे वाटते. हा हट्ट समजावा की दिशा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही दिशा आहे, परंतु त्या दिशेने जायचे तर तिने आधी माग नीट शिकला पाहिजे.

या कल्पनेला भक्कम इतिहास आहे. विणीत प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्याच्या वर असतो किंवा खाली. संगणकाचे शून्य आणि एक यांहून वेगळे नाहीत. फ्रान्समधील ल्यों शहरातल्या जॅकार्ड या विणकराने १८०४ च्या सुमारास मागाची नक्षी पुठ्ठ्याच्या छिद्रांत बांधली, आणि इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच पद्धत घेतली. काश्मिरी कानी शालीची नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत कागदावर लिहिलेली असते आणि विणकर ती वाचून विणतात. चांद्रमोहिमेच्या अपोलो यानांच्या संगणकाची कायमस्वरूपी स्मृती तर अमेरिकेतील वॉल्थम येथील कारखान्यात स्त्रियांनी हातांनी ओवली होती: तार चुंबकीय कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेतील नवाहो या मूलनिवासी समाजाच्या विणकर मारिलू शुल्ट्झ यांनी १९९४ मध्ये इंटेल कंपनीसाठी तिच्या पेंटियम या संगणक-चिपचा आराखडा लोकरीत विणला, तेव्हा ही गोष्ट कलाकृती म्हणूनही समोर आली.

आता मागाचा आग्रह का, ते सांगतो. शंभर उभ्या आणि शंभर आडव्या धाग्यांच्या तुकड्यात दहा हजार छेद असतात. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे एका अक्षराला शून्य-एकच्या आठ खुणा धरून, त्यांत साडेबाराशे इंग्रजी अक्षरे बसावीत. पण प्रत्येक ओळीत अक्षरे एकाखाली एक मांडली, तर इंग्रजी अक्षराच्या आठ खुणांपैकी पहिली नेहमीच शून्य असल्यामुळे त्या जागेचा उभा धागा कापडभर एकदाही उचलला जात नाही आणि सुटा लोंबत राहतो. देवनागरीत अडचण वाढते: युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला चोवीस खुणा लागतात आणि त्यांतल्या पहिल्या आठ कायम सारख्याच असतात, म्हणून त्या जागचे धागे तर विणलेच जात नाहीत. यावर साधी वीण पायाशी ठेवून माहिती जादा बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, वर काढणे, किंवा माहितीच्या दोन ओळींमध्ये साध्या विणीच्या ओळी घालणे, असे उपाय आहेत. यांतला कोणता कुठे टिकेल हे हात सांगतात, आणि या क्षेत्रातली खरी कलात्मक निवड मला इथेच दिसते.

त्यामुळे माझी पहिली पसंती अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील वस्त्र-डिझाइनच्या पदवीला आहे. निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्राचा वस्त्र-डिझाइनचा अभ्यासक्रमही विचारात घ्यावा. दोन्हींसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असून बारावीची कोणतीही शाखा चालते. घराजवळच राहायचे असेल आणि यंत्रांची ओढ अधिक असेल, तर आपल्या गावातील डीकेटीई महाविद्यालयातील वस्त्र तंत्रज्ञानाचा बी.टेक. हा उत्तम मार्ग आहे. प्रोग्रामिंग ती कुठेही सोबत शिकू शकेल. माग, शिक्षक आणि कार्यशाळा मात्र एरवी सहज मिळत नाहीत. म्हणून संगणक अभियांत्रिकी घेऊन विणकाम छंद म्हणून ठेवावे, हा वडिलांचा तोडगा मला पटत नाही.

उत्पन्नाबाबत स्पष्ट लिहितो. केवळ प्रदर्शनांतील कलाकृतींवर पहिली काही वर्षे घर चालेल, असे गृहीत धरू नये. तेवढ्या काळात पडदे-चादरींच्या निर्यातदारांकडील डिझाइन, जॅकार्ड मागांसाठी संगणकावर नक्षी तयार करणे, आणि संवेदक (सेन्सर) विणलेली कापडे बनवणाऱ्यांसोबतचे काम ही ज्ञात वाट आहे. वडिलांच्या अनुभवाचा उपयोग इथे होईल, कारण कारखान्यात कोणती वीण धागा तोडते हे त्यांना पुस्तकांपेक्षा चांगले ठाऊक असणार.

निर्णयाआधी तिने एक काम करावे. साध्या हातचौकटीवर, स्वतःच ठरवलेल्या संकेतांनी, तिच्या पसंतीचा एक मजकूर विणावा आणि संकेतांची यादी देऊन तो दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावा. मजकूर बरोबर वाचला गेला आणि कापड ओढून पाहिल्यावर धागे जागेवर राहिले, तर प्रवेशासाठीच्या कामांच्या संग्रहात तो तुकडा, बिघडलेल्या नमुन्यांसह, पहिल्या पानावर लावावा. धागे सुटले, तर कोणत्या रांगेत आणि कशामुळे, हे तिने लिहून मला पाठवावे. त्यावर मी तिला सविस्तर उत्तर देईन.

आपला,
करिअर मार्गदर्शक