वाचकांचे प्रश्न : हंगामाच्या आरंभी सार पासचा वळसा

प्रश्न : आम्ही दापोली परिसरातील पाच जण असून आमची वये २६ ते ५३ आहेत. खेड तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही सलग चाल आम्ही दोनदा केली आहे. बर्फ मात्र आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात हिमाचल प्रदेशातील कसोलहून ग्रहण, नगारू, सार पास, बिस्केरी, बरशैणी आणि पुन्हा कसोल असा वळसा घालण्याचा विचार आहे, कारण तेव्हा बर्फ भरपूर मिळतो असे ऐकले आहे. हा काळ योग्य आहे का, वाटाड्याशिवाय जाता येईल का, आणि समुद्रकाठी राहून तयारी कशी करावी?
– एक वाचक, दापोली

उत्तर : पहिल्या आठवड्यात, आणि तेही वाटाड्याशिवाय, आपण जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. २० मेनंतर, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन अवश्य जावे. तेव्हाही खिंडीच्या परिसरात आपल्याला पोटभर बर्फ मिळेल.

सह्याद्रीत चुकलेली वाट मागे फिरून पुन्हा सापडते, कारण ती जमिनीवर उमटलेली असते. हंगामाच्या आरंभी सार पासकडे जाणारी वाट हिवाळ्यातील बर्फाखाली असते, आणि पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, मेमध्येही नवा बर्फ पडून आदल्या दिवशीच्या पाऊलखुणा पुसल्या जातात. पावसाळ्यात सड्यावर धुके उतरले तरी पायाखालचा कातळ आणि बाजूचा गडगा आपल्याला दिशा सांगतो; तेथे ढग खाली आले की जमीन आणि आकाश यांतील सीमाच नाहीशी होते. शिवाय वरून अखंड दिसणाऱ्या बर्फाखालून ओढा वाहत असू शकतो, आणि खडकांच्या कडेला बर्फ आतून पोकळ झालेला असतो. कोठे पाय ठेवू नये हे त्या खोऱ्यात वाढलेल्या माणसालाच कळते.

आता या वळशाचा खरा धोका. आल्या वाटेने परतायचे असते तेव्हा प्रत्येक पावलाबरोबर परतीचे अंतर वाढत असल्याचे भान राहते. वळशात मात्र अर्ध्यावर पोचल्यावर पुढे जाणे आणि मागे येणे सारखेच वाटू लागते, आणि हवा बिघडत असतानाही माणूस ‘आता पलीकडे उतरलेच की झाले’ असे म्हणतो. सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या या खिंडीपलीकडे बिस्केरीच्या बाजूला लांब, तीव्र उतार आहे. तो बहुधा बर्फावर बसून घसरतच उतरतात. एकदा घसरून खाली गेल्यावर तोच उतार चढून परत येणे थकलेल्या माणसाला जवळजवळ अशक्य असते. म्हणून जायचे की नाही याचा निर्णय नगारूच्या मुक्कामी पहाटे, आकाश पाहून घ्यावा, आणि वाटाड्या ‘नाही’ म्हणाला तर त्यावर चर्चा करू नये.

नगारूहून उजाडण्यापूर्वी निघतात त्यालाही कारण आहे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे टणक असतो, त्यामुळे बुटाच्या टोकाने खाच पाडून, काठीचा आधार घेत भराभर चढता येते. उन्हे तापली की तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दुपारी ढग आणि विजाही येतात. बुटांवर चढवायचे धातूचे दाते म्हणजे मायक्रोस्पाइक, आणि बुटांत बर्फ शिरू न देणारे गेटर प्रत्येकाकडे असावेत.

उंचीविषयी मला अधिक काळजी वाटते. तीन किल्ले सलग चढणारी आपली फुप्फुसे दमदार आहेत यात शंका नाही, परंतु उंचीचा आजार दमदार माणसालाही होतो. सार पासवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. ग्रहण सुमारे २,३५० मीटरवर आणि नगारू ३,८०० मीटरच्या आसपास असल्याने त्या दोहोंच्या मध्ये किमान दोन मुक्काम हवेत. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर वर जाणे थांबवावे. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्या व्यक्तीला खाली उतरवावे. उंचीचा आजार टाळण्यासाठीचे अ‍ॅसेटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ५३ वर्षांच्या सदस्याने तर तपासणी करून घेतल्याशिवाय निघूच नये.

बर्फावरून परावर्तित होणारे ऊन खालूनही डोळ्यांत शिरते. आमच्या एका सोबत्याने ढगाळ हवा पाहून गॉगल काढून ठेवला होता. दिवसभर त्याला काहीच जाणवले नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून चालवावे लागले. अतिनील किरण अडवणारा, बाजूंनी बंद असलेला गॉगल ढगाळ हवेतही डोळ्यांवरच असावा.

तयारीसाठी आपला किनारा उत्तम आहे. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या पुळणीवर, पाठीवर आठ-दहा किलोंचे ओझे घेऊन आठवड्यातून तीन दिवस तासभर चालावे. रुतणारा पाय उचलण्याची सवय पोटऱ्यांना येथेच लागेल. उतार उतरण्याचा सराव किल्ल्यांवर करावा. कपड्यांत सुती काही नको, कारण भिजलेले सूत अंगाची ऊब शोषून घेते. लोकरीचे मोजे आणि कानटोपी मात्र जास्तीची घ्यावी.

आपण बहुधा खेडहून किंवा चिपळूणहून रेल्वेने दिल्लीला आणि तेथून बसने भुंतरमार्गे कसोलला जाल. परतीचे आरक्षण करताना बरशैणीला उतरण्याच्या अपेक्षित दिवसानंतर किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. नगारूला पहाटे आकाश भरून आलेले असताना खिशातील तिकीटच माणसाला खिंडीकडे ढकलते.