फोटोवरून सारखे दिसणारे पांढरे बगळे वेगळे कसे ओळखायचे? ॲप प्रत्येक फोटोला वेगळं नाव सांगतं.

ॲपचा गोंधळ उडतोय यात नवल नाही. पक्षी बघितला की आपण आधी रंग आणि आकारमान बघतो, आणि फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी दगा देतात. शेजारी दुसरा ओळखीचा पक्षी नसेल तर बगळा केवढा होता हे फोटोवरून कळत नाही. त्यातून चोचीचा रंगही वर्षभर एकच राहत नाही. मोठा बगळा आणि मध्यम बगळा या जातींची एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या हंगामात काळी होते आणि मग काळी चोच दिसली म्हणून लोक सर्रास ‘लहान बगळा’ ही तिसरीच जात लिहून मोकळे होतात.

मी रंग बाजूला ठेवून आधी डोक्याचा भाग मोठा करून बघतो. चोचीच्या दोन पाकळ्यांमधली फट मागे डोळ्याकडे जाते, ती रेघ कुठे संपते ते शोधा. डोळ्याच्या खालीच संपली तर मध्यम बगळा. डोळा ओलांडून मागे गेली तर मोठा बगळा. ही खूण ऋतू बदलला तरी बदलत नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. मात्र त्यासाठी पक्ष्याची बाजू स्वच्छ दिसायला हवी. मान आपल्याकडे वळलेली असेल तर रेघ नीट दिसत नाही आणि चोचही आखूड वाटते. तेव्हा एका पक्ष्याचे दहा फोटो काढले असतील तर सुंदर दिसणारा एकच ठेवून बाकीचे पुसू नका. ओळख पटवणारा फोटो बऱ्याचदा त्या टाकाऊ वाटणाऱ्यांत असतो.

लहान बगळा त्यामानाने सोपा: चोच बारीक आणि काळी, पाय काळे, बोटं पिवळी. पाय चिखलात असतील तर तो उडतानाचा एखादा फोटो मिळतो का बघा. गाय बगळ्याची मान आखूड, चोच जाड आणि तोकडी, हनुवटीखाली पिसांचा फुगवटा. विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी छटा येते तेव्हा प्रश्नच नसतो, एरवी तोही पांढराच.

हाच विचार सारख्या दिसणाऱ्या इतर जोड्यांनाही लागू पडतो. शिक्रा हा शिकारी पक्षी आणि पावशा हा कोकिळेच्या कुळातला, पण दोघांची पिसं इतकी सारखी की छातीवरचे पट्टे बघत बसलात तर फसाल. चोच बघा: शिक्र्याची आकड्यासारखी खाली वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ. पाय दिसत असतील तर शिक्र्याची तीन बोटं पुढे, एक मागे. पावशाची दोन पुढे, दोन मागे. फांदीवरचा फोटो असेल तर एवढं पुरतं.

आणि खूण दिसतच नसेल तर नाव ठोकून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड या संकेतस्थळावर ‘या दोघांपैकी एक’ अशी नोंद करायची सोय आहे, ती वापरा. चुकीच्या नावापेक्षा अशी अर्धी नोंद पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या जास्त कामाची असते. दुसऱ्या कुणाला विचारायचं झालं तर मूळ फोटो पाठवा, रंग खुलवलेला नको, आणि सोबत तारीख व ठिकाण लिहा.